चांगल्या रिपोर्टची बातमी कशी सांगावी

गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलच्या ओपीडीतून बाहेर पडताना डॉक्टरांचे 'रिस्पॉन्स चांगला आहे' एवढेच शब्द कानात असतात. पणजीच्या स्टँडवर बस पोचेपर्यंत ते आत्याला कळतात, आत्याकडून म्हापशाच्या मावशीला, आणि तिन्हीसांजेला देवळाकडे जमलेल्यांत 'कॅन्सर गेला, पूर्ण बरी झाली' असे बोलले जाते. मध्ये कोणीही खोटे बोललेले नसते. आनंदाच्या भरात प्रत्येकाने एकेक शब्द वाढवलेला असतो. पुढची केमो सुरू होते तेव्हा तीच माणसे विचारतात, 'बरी झाली होतीस ना गो?' याचे उत्तर मग रुग्णाला द्यावे लागते, तेही अंगात त्राण नसताना.

आशेची बातमी जरूर सांगावी. पहिल्या तपासणीपासून सोबत धावलेल्या माणसांचा तिच्यावर हक्क आहे. त्याच आजाराच्या वाटेवर मागून येणाऱ्याला तर तिच्याइतका आधार क्वचितच कशाचा मिळतो. पण बातमी जेवढी आहे तेवढीच पोचली पाहिजे, आणि त्यासाठी आधी थोडी तयारी लागते.

आधी बातमी नेमकी कोणती ते लिहून घ्या

शंभर पानी वही आणि पेन घेऊनच डॉक्टरांसमोर बसा. रुग्णासोबत आणखी एक माणूस असावा आणि लिहायचे काम त्याचे. एका पानावर एवढे उतरले पाहिजे: तपासणी कोणती व कोणत्या तारखेची, मागच्या कोणत्या तपासणीशी ताडून पाहिले, डॉक्टरांनी वापरलेला नेमका शब्द, पुढचा उपचार आणि पुढची तारीख. उठण्याआधी ते पान डॉक्टरांना वाचून दाखवा आणि विचारा, 'घरच्यांना हे असेच सांगितले तर बरोबर होईल का?' अर्ध्या मिनिटाचे काम आहे. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

अनेक ठिकाणी रिपोर्टची लिंक मोबाइलवर आधी येते आणि डॉक्टरांची भेट दोन-तीन दिवसांनी असते. त्या मधल्या दिवसांत बाहेर कोणालाही काही कळवू नका. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टने रुग्णाला तपासलेले नसते आणि कधीकधी जुन्या स्कॅनची सीडीही त्याच्यापुढे नसते. उपचार करणारे डॉक्टर दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाहतात, त्यानंतरच ती बातमी होते. ऑपरेशननंतरच्या बायॉप्सीचेही तसेच. पहिल्या रिपोर्टनंतर काही विशेष चाचण्या बाकी असतात आणि त्यांनी चित्र बदलू शकते.

आता शब्दांकडे. गाठीच्या कर्करोगात स्कॅनचा निष्कर्ष बहुधा चारपैकी एक असतो. 'कम्प्लीट रिस्पॉन्स' म्हणजे मोजत असलेल्या गाठी स्कॅनवर दिसेनाशा झाल्या. 'पार्शल रिस्पॉन्स' म्हणजे मोजायला निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटली. 'प्रोग्रेशन' म्हणजे आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिलिमीटरने वाढली, किंवा नवी गाठ दिसली. या दोन्हींच्या मधले सगळे 'स्टेबल डिसीझ'. हे रेसिस्ट १.१ नावाचे माप २००९ पासून जगभर वापरात आहे. रक्ताच्या कर्करोगांची मापे वेगळी असतात.

यातल्या 'स्टेबल'वर सर्वांत जास्त अन्याय होतो. घरी येऊन 'काही फरक नाही म्हणे' असे सांगितले जाते आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरतात. चौथ्या स्टेजमध्ये आजार जागच्या जागी थोपवून धरणे हेच पुष्कळदा उपचाराचे उद्दिष्ट असते. तिथे स्टेबल ही खरोखर चांगली बातमी आहे. ती 'औषधाने आजाराला थोपवून धरले आहे, तेच औषध पुढे चालू' अशा शब्दांत सांगा.

गाठ किती लहान झाली हे सांगताना नेहमी सेंटीमीटरमध्ये सांगा, टक्क्यांत नको. कारण साधे आहे. ४ सेंटीमीटरची गोल गाठ २ सेंटीमीटर झाली तर लांबी निम्मी होते, पण आकारमान आठव्या हिश्शावर येते. म्हणून एकाच घरातून एकाला 'अर्धी झाली' आणि दुसऱ्याला 'जवळजवळ नव्वद टक्के गेली' असे कळते. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि तिसऱ्याला वाटते की घरचे काहीतरी लपवताहेत. '४ वरून २.५ सेंटीमीटर' म्हटले की घोळ होत नाही.

'कम्प्लीट रिस्पॉन्स' किंवा 'रेमिशन' याचे मराठी 'बरा झाला' असे करू नका. काही मिलिमीटरपेक्षा लहान पुंजके कोणत्याही स्कॅनला दिसत नाहीत, म्हणून डॉक्टर हा शब्द जपून वापरतात आणि वर्षानुवर्षे तपासणीला बोलावतात. पुष्कळ कर्करोगांत पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असा साधारण क्रम असतो. 'आत्ताच्या तपासणीत आजार कुठे दिसत नाही' हे वाक्य मोठे आहे आणि खरेही आहे.

ऑपरेशनच्या रिपोर्टात 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' या शब्दांनी फार गोंधळ होतो, कारण आपल्या बोलण्यात निगेटिव्ह म्हणजे वाईट. 'मार्जिन निगेटिव्ह' म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी नाहीत. ही चांगली बातमी. 'नोड निगेटिव्ह' म्हणजे गाठीजवळच्या लसिकाग्रंथींत आजार पोचलेला दिसला नाही. हीसुद्धा चांगली. 'ईआर पॉझिटिव्ह' हा मात्र स्तनाच्या कर्करोगाचा प्रकार आहे. त्याचा अर्थ संप्रेरकांवर चालणाऱ्या गोळ्या लागू पडण्याची शक्यता आहे, आणि 'पॉझिटिव्ह आला गे' म्हणून रडायचे कारण नाही. बाहेर सांगताना हे दोन्ही शब्द गाळा आणि अर्थच सांगा. स्तनाच्या कर्करोगात केमो आधी आणि ऑपरेशन मागाहून झाले असेल, तर 'पॅथॉलॉजिकल कम्प्लीट रिस्पॉन्स' असे लिहून येऊ शकते: काढलेल्या भागात आणि काखेतल्या ग्रंथींत पसरू शकणारा आजार सूक्ष्मदर्शकाखालीही सापडला नाही. स्कॅनवर न दिसण्यापेक्षा ही बातमी जास्त भक्कम असते. तरीही उरलेला उपचार पुरा करावाच लागतो.

रक्तातल्या मार्करचा, म्हणजे आजाराचा माग दाखवणाऱ्या पदार्थाचा, एकटा आकडा ही बातमी नव्हे. सीए-१२५ हा मार्कर मासिक पाळीत आणि एंडोमेट्रिओसिस या गर्भाशयाच्या अस्तराच्या दुखण्यातही वाढतो, सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मुळातच जास्त असतो, आणि प्रोस्टेट काढल्यावर पीएसए तळाला जायला सहा ते आठ आठवडे लागतात. एकाच प्रयोगशाळेतले ओळीने दोन-तीन आकडे एका दिशेने गेले तर सांगण्यासारखे काही आहे. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात मात्र आकडाच बातमी असतो. रक्तात आजार किती उरला ते दाखवणारे बीसीआर-एबीएल ०.१ टक्का किंवा त्याखाली आले की मोठा टप्पा गाठला म्हणतात. गोळ्या तरीही चालू राहतात, आणि हे त्याच वाक्यात सांगावे, कारण 'आकडा आला' ऐकून परस्पर गोळ्या बंद करणारी माणसे आहेत.

शेवटचे, स्कॅन केव्हा काढला ते पाहा. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात रेडिएशन संपल्यावर पेट स्कॅन सहसा १२ आठवडे थांबून करतात. त्याआधी केला तर रेडिएशनने आलेली सूजही आजारासारखी चमकते. घाईच्या स्कॅनवरून आनंदही करू नये आणि धसकाही घेऊ नये.

ही बातमी रुग्णाची आहे

मुलगा ती सगळ्यांना कळवून मोकळा होतो आणि आईला शेजारणीकडून समजते की आपला रिपोर्ट चांगला आहे. असे होऊ देऊ नका. पहिले माणूस रुग्ण. त्याला निवांत बसवून सांगा आणि मग तीन गोष्टी विचारा: कोणाला सांगायचे, किती सांगायचे, कोणी सांगायचे. 'आजाराचे नाव घेऊ नका, तब्येत सुधारतेय एवढेच सांगा' असे उत्तर आले तर तेवढेच. गावात मुलीचे लग्न ठरायचे आहे, दुकान चालवायचे आहे, किंवा नुसतेच बोलणे नको आहे. कारण काहीही असो, ते त्यांचे आहे.

मग क्रम. घरातली माणसे. त्यानंतर ज्यांनी प्रत्यक्ष काही केले ते: रक्त दिलेला पुतण्या, पहाटे गाडी काढणारा शेजारी, रजा देणारे साहेब, सोन्याची बांगडी मोडून पैसे आणून दिलेली वहिनी. मग परदेशी असलेली जवळची माणसे. आपल्याकडे हा भाग मोठा आहे. कोणी आखातात, कोणी जहाजावर, कोणी लंडनला. त्यांना ग्रुपवरच्या मेसेजमधून कळले तर फार लागते, म्हणून आधी फोन. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास, लंडनचे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. जहाजावरच्याला वॉइस मेसेज ठेवा, नेटवर्क मिळाले की तो ऐकेल. पण मेसेजच्या सुरुवातीलाच 'बातमी चांगली आहे' म्हणा. 'आईचा रिपोर्ट आला' म्हणून थांबणाऱ्याने समुद्रावरच्या माणसाला काय घोर लावला हे त्याला कळत नाही. वाडा, देवस्थान, महिला मंडळ, शाळेतले सोबती यांना सगळ्यांत शेवटी.

मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवून येणाऱ्यांसाठी एक सूचना. परतीच्या गाडीतून ही बातमी फोनवर सांगू नका. कोकण रेल्वेवर ओळीने बोगदे आहेत, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटर लांब. 'गाठ पूर्ण गेली...' एवढे ऐकू येते आणि '...असे अजून म्हणता येत नाही' बोगद्यात राहते. गाडी सुटण्याआधी स्टेशनवरून घरच्या एकाच माणसाला नीट सांगा. बाकीचे मडगावला किंवा थिवीला उतरल्यावर.

चार गोष्टींचा मेसेज

आनंदात सहसा असा मेसेज जातो:

'आनंदाची बातमी!! आईने कॅन्सरला हरवले. आता ती शंभर टक्के बरी आहे. सगळ्यांचे आभार.'

यात खरी माहिती एकही नाही. कोणती तपासणी, पुढे काय, आता मदत हवी की नको, काही कळत नाही. 'शंभर टक्के बरी' वाचल्यावर जेवणाचा डबा पाठवणारी शेजारीण थांबते आणि गाडी देणारा आपल्या कामाला लागतो. केमो मात्र अजून दोन उरलेल्या असतात.

त्याऐवजी असे लिहा:

'नमस्कार. बातमी चांगली आहे. आईच्या सहापैकी चार केमो झाल्या आणि मंगळवारच्या सोनोग्राफीत गाठ ४ सेंमीवरून २.५ सेंमीवर आलेली दिसली, म्हणजे औषध लागू पडतेय असे डॉक्टर म्हणाले. अजून दोन केमो आणि मग ऑपरेशन आहे. आजार संपला असे अजून म्हणता येत नाही. आईनेच हे कळवायला सांगितले आहे. तिला फोन संध्याकाळी ५ ते ६ मध्ये करा, भेटायला चवथीनंतर या. १४ तारखेला बांबोळीला जायला सकाळी ६ वाजता गाडी मिळाली तर बरे होईल. देव बरें करूं.'

आत पाहिले तर चार गोष्टी आहेत: आपण उपचारात कुठवर आलो, काय दिसले, पुढे काय उरले, आणि वाचणाऱ्याने काय करावे. चौथी बहुतेक जण संकोचाने गाळतात. आमच्या मते तीच सर्वांत उपयोगाची. मनापासून मदत करू पाहणाऱ्याला काय करावे हे कळत नसते, आणि ते कळले नाही की तो फळे घेऊन सातजणांसह दारात उभा राहतो.

'उपचार संपले' लिहिण्याआधी काय काय उरले आहे ते मोजा. स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशननंतर रेडिएशन असेल तर ते तीन ते पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज असते. काही गाठींसाठी दिले जाणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध बहुधा एक वर्ष दर तीन आठवड्यांनी. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच ते दहा वर्षे. 'केमो संपल्या, आता गोळ्या पाच वर्षे' असे लिहिले की पुढच्या वर्षी गोळीचे पाकीट पाहून कोणी घाबरत नाही.

मेसेज एकानेच लिहावा आणि सगळीकडे तोच जावा. बहिणीने आपल्या शब्दांत, जावयाने आपल्या शब्दांत लिहिले की दोन बातम्या तयार होतात. मजकुरावर तारीख घाला. आपल्याकडे मेसेज सहा महिन्यांनीही नव्याने फिरतो.

रिपोर्टचा फोटो पाठवू नका

'विश्वास बसत नसेल तर हा रिपोर्ट' म्हणून फोटो जातो. त्या एका पानावर नाव, वय, मोबाइल क्रमांक, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, कधी सरकारी आरोग्य-ओळखीचा १४ अंकी आभा क्रमांक, आणि कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. काही ठिकाणी तो कोड स्कॅन केला की सगळा रिपोर्ट उघडतो. नावावर बोट ठेवून फोटो काढणाऱ्यांचे नेमके कोडकडे दुर्लक्ष होते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा असेल तर त्यांनाच थेट पाठवा. इतरांसाठी तुमचे शब्द पुरे आहेत.

फोटोचा धोका दुसराही आहे. कोणाच्या तरी हातात तो पडतो आणि त्यावर 'मदतीची गरज' लिहून भलताच यूपीआय क्रमांक जोडला जातो. असे झालेले दिसले तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि आपल्या सगळ्या ग्रुपांत खरी गोष्ट लिहा.

तुम्ही खरोखरच लोकांकडून पैसे घेतले असतील तर चांगल्या बातमीसोबत हिशेबही द्या: किती जमले, कशावर किती गेले, किती उरले. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाख अशी तिची मर्यादा होती. योजनेच्या कार्डातून काय भागले आणि खिशातून काय गेले हे सांगितले, तर पुढच्या घराला आधीच अंदाज येतो.

आधारगटात बोलताना

रुग्ण आणि घरचे जिथे एकत्र बसतात तिथे तुमच्या बातमीची सर्वांत जास्त गरज असते, आणि ती सर्वांत जास्त टोचतेही तिथेच. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईचा स्कॅन कालच वाईट आलेला असू शकतो. म्हणून गट चालवणाऱ्या ताईंना आधी सांगून ठेवा. त्या आठवड्यात गटातले कोणी गेले असेल तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. बोलायला लागताना 'माझा रिपोर्ट बरा आलाय, दोन मिनिटांत सांगते' एवढे म्हणून क्षणभर थांबा. ज्याला त्या दिवशी ऐकवत नाही त्याला पाणी प्यायला उठता येते.

'मी हिंमत सोडली नाही म्हणून जिंकले' हे वाक्य गटात कधीही बोलू नये. ज्याचा आजार वाढला त्याने हिंमत सोडली, असा त्याचा अर्थ निघतो, आणि ते खरे नाही. औषध लागू पडणे न पडणे बव्हंशी गाठीच्या जातीवर ठरते. ट्रॅस्टुझुमॅब फक्त हर-२ पॉझिटिव्ह, म्हणजे हर-२ नावाचे प्रथिन जास्त असलेल्या, गाठीवर चालते, आणि स्तनाच्या कर्करोगात अशा साधारण १५ ते २० टक्केच असतात. त्याच वयाच्या, त्याच स्टेजच्या, तितक्याच धीराच्या दुसऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. 'माझी गाठ या प्रकारची होती, म्हणून हे औषध चालले' असे सांगा. ऐकणारी आपल्या डॉक्टरांना 'माझ्या गाठीची ही तपासणी झाली आहे का?' असे विचारू शकते. तुमच्या बातमीतून तिच्या हाती यावे ते हे.

औषधाचे नाव सांगायला हरकत नाही, मात्र डोस सांगू नका. डोस उंची, वजन, मूत्रपिंड, यकृत पाहून ठरतो. सोबत घेतलेल्या गोष्टीही प्रामाणिकपणे सांगा, पण श्रेय वाटताना जपून. केमोच्या जोडीला कोणी लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा घेतला आणि गाठ कमी झाली, तर गटातून बाहेर जाते ती काढ्याची बातमी. लक्ष्मणफळाने माणसाचा कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही. उलट काढे, भस्मे यांनी केमोच्या काळात यकृतावर भार येऊ शकतो. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तशी जाहिरात जो करतो त्याचा पत्ता तुमच्या बातमीला चिकटू देऊ नका.

देवाचे नाव घ्यायला कशाचीच आडकाठी नाही. गाऱ्हाणे घातले असेल, आंगवण (नवस) केली असेल, शेजारच्या फर्नांडिसबाईंनी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) म्हटली असेल तर त्यांना आवर्जून सांगा की तुमची प्रार्थना पोचली. फक्त आंगवण फेडायला लगेच जत्रेत जाऊ नका. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात आणि गर्दीतला साधा सर्दी-खोकला महागात पडतो. देव थांबतो. तारीख डॉक्टरांना विचारून ठरवा.

उपचार संपल्यावर घंटा वाजवण्याची रीत आता आपल्याकडच्याही काही हॉस्पिटलांत आली आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात इर्व ल मॉइन या नौदलाच्या रिअर अॅडमिरलने आपले उपचार संपताना पितळेची घंटा वाजवली, तिथून ती पसरली. वाजवावीशी वाटली तर वाजवा. पण त्याच वॉर्डात असेही रुग्ण असतात ज्यांचे उपचार आयुष्यभर चालणार आहेत आणि ज्यांची घंटेची पाळी येणारच नाही. म्हणून व्हिडिओ काढलाच तर मागच्या खुर्च्यांवरची माणसे त्यात येऊ देऊ नका.

नव्या उपचाराची बातमी असेल तर

वर्तमानपत्रात काही आले की ते कात्रण रुग्णाच्या घरी दहा जणांकडून पोचते. पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी पाहा: कोणत्या कर्करोगासाठी, माणसांवर की प्रयोगशाळेत, आणि भारतात परवानगी आहे का. एक खरे उदाहरण घेऊ. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) काढून, बदलून, परत देतात. मोठी बातमी आहे आणि खरीही आहे. पण ती बी-पेशींच्या ठरावीक लिम्फोमा-ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगांसाठी, तीही आधीचे उपचार लागू न पडलेल्या किंवा आजार उलटलेल्या रुग्णांसाठी. तोंडाचा किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्या घरी 'आता भारतातच इलाज निघाला' म्हणून ती पाठवली की त्या घरचे उगाच आठवडाभर फोन करत राहतात, आणि शेवटी 'तुमच्यासाठी नाही' हे ऐकावे लागते. ज्या घरी ती लागू असेल त्यांनाच थेट सांगा, आणि 'तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा' हे जोडून सांगा.

बातमीनंतरचे पंधरा दिवस

चांगली बातमी कळली की माणसे येतात. बाल्कांवातच (घरापुढच्या बसायच्या ओट्यावरच) भेटा, मोकळी हवा असते. एका वेळी दोघे-तिघे, वीस मिनिटे. खोकला-ताप असलेल्याने येऊ नये, हे मेसेजमध्येच लिहिलेले बरे, दारात सांगता येत नाही. पांढऱ्या पेशी खाली असताना कापलेली फळे, बाजारातला रस, अर्धवट शिजलेले मासे किंवा शिंपल्या आणलेल्या असतील तर घरच्यांनी आत ठेवून द्याव्यात. रुग्णाला ताजे, पूर्ण शिजलेले द्यावे. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पाहुण्यांचा संकोच न करता लगेच हॉस्पिटल गाठायचे, रात्र असली तरी.

रुग्णाला बोलायचे नसेल तर त्यालाही जागा ठेवा. सगळे हसत असताना त्याच्या मनात पुढच्या स्कॅनची तारीख असते. 'आता कसली काळजी' असे म्हणून त्याला गप्प करू नका.

आणि पुढचा रिपोर्ट तितका चांगला आला नाही तर? ज्यांना पहिली बातमी दिली त्यांनाच, त्याच माणसाने, रुग्णाला विचारून, तितक्याच मोजक्या शब्दांत कळवावे: 'मागच्या वेळी गाठ कमी झाली होती. या वेळच्या स्कॅनमध्ये ती थोडी वाढलेली दिसते, म्हणून औषध बदलले आहे. सोमवारपासून नवे सुरू होईल. आई ठीक आहे, थोडी थकली आहे. दोन दिवस फोन नकोत, डबा चालेल.' पहिल्या वेळी बातमी मापात सांगितलेली असली की हा मेसेज लिहायला जड जात नाही.

कोणाकोणाला कळवले त्यांची नावे वहीच्या शेवटच्या पानावर ओळीने लिहून ठेवा, समोर तारीख घाला आणि पुढच्या वेळी त्याच क्रमाने फोन लावा.